वऱ्हाडातला दुसरा उन्हाळा

अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरकडचा उन्हाळा म्हटलं की मे महिनाच डोळ्यांपुढे येतो. पारा ४४-४५ वर, दुपारी बारापासून रस्ते ओस, आणि डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कुणी घराबाहेर पाऊल टाकत नाही. देशातल्या सर्वाधिक तापलेल्या शहरांच्या बातमीत अकोल्याचं नाव येतं ते याच दिवसांत. या उन्हाळ्याशी कसं वागायचं हे वऱ्हाडातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. सकाळी नऊच्या आत खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर सुरू, दुपारी कैरीचं पन्हं, आणि बाहेर जायचंच झालं तर खिशात कांदा. हे सगळं अनुभवातून आलेलं शहाणपण आहे आणि मेपुरतं ते बरोबर आहे.

त्रास सुरू होतो तो त्यानंतर. रोहिणी सरत येतात, पश्चिमेकडे ढग जमू लागतात, मृगाचा एखादा शिडकावा होतो. पारा आठ-दहा अंशांनी उतरतो. खरं तर घरात बरं वाटायला हवं, पण तेव्हाच घरात बसवत नाही. अंगाला चिकचिक, उशी ओलसर, कपाटाला कुबट वास, आणि कूलरसमोर बसूनही पाठीवरून घामाच्या धारा. "लय गदमदून राह्यलं बावा, कूलर लावला तरी काई फरक पडून नाई राह्यला," हे वाक्य जूनमध्ये घरोघरी ऐकू येतं. हा वऱ्हाडातला दुसरा उन्हाळा. पाऊस नीट लागेपर्यंत तो मुक्काम ठोकतो, पावसाने उघडीप दिली की जुलै-ऑगस्टमध्येही डोकावतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा येतो. दिवस मोजले तर तो पहिल्यापेक्षा लांबतो. तरीही आपण त्याच्याशी मेचीच रीत वापरून वागतो. मला सांगायचं आहे ते एवढंच: या दोन उन्हाळ्यांत घराला लागणारे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, आणि दुसऱ्यात घर हलकं, मोकळं वाटायचं असेल तर पहिल्यासाठी केलेला बंदोबस्त वेळेवर मोडावा लागतो.

थोडा हिशेब मांडू. बारा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली धरा. मेच्या दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर त्या खोलीतल्या सगळ्या हवेत मिळून सुमारे ३०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं, म्हणजे दीडएक पेला. जूनमध्ये हवा ३५ अंशांवर आली आणि आर्द्रता ६५ टक्के झाली, की त्याच खोलीत ९०० ग्रॅमच्या आसपास पाणी तरंगत असतं. पारा नऊ अंशांनी उतरला, पण हवेतलं पाणी तिपटीने वाढलं.

आपलं शरीर थंड राहतं ते घाम वाळण्यामुळे. नुसता घाम येऊन उपयोग नसतो. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. तोच घाम थेंब होऊन खाली ओघळला तर जवळजवळ काहीच नेत नाही. मेमध्ये घाम येतो कधी आणि वाळतो कधी हे कळतसुद्धा नाही, म्हणून तर पाणी कमी पडून माणूस आजारी पडतो. जूनमध्ये भोवतालची हवा आधीच भरलेली असल्याने घाम वाळत नाही. अशा वेळी एकच गोष्ट कामाला येते. अंगालगतची दमट हवा सतत हलवून तिथे दुसरी हवा आणायची. सेकंदाला मीटरभर वेगाने वारा अंगावरून गेला तर सुमारे तीन अंशांनी थंड असल्यासारखं वाटतं. मेमध्ये बाहेरचा वारा घरात घेणं म्हणजे झळ आत घेणं, आणि जूनमध्ये तोच वारा औषध असतो.

आता कूलरकडे वळू. कारण वऱ्हाडात दमट दिवसांतलं निम्मं दुखणं कूलरपाशी येऊन थांबतं. कूलर हवा थंड करतो तो पाण्याची वाफ करून. या थंडाव्याला एक तळ असतो. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथवर उतरतो, तो हा तळ. चांगला कूलर बाहेरचं तापमान आणि हा तळ यांच्यातलं सुमारे ८० टक्के अंतर कापतो. वर धरलेल्या मेच्या दुपारी हा तळ २३ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे ४४ अंशांची झळ ताट्यांतून गेली की २७-२८ अंशांची होऊन आत येते. अत्यंत कमी विजेत एवढा फरक पाडणारं दुसरं यंत्र नाही, आणि वऱ्हाडातल्या गरिबाच्या घरात कूलरने जे सुख आणलं त्याला तोड नाही. पण जूनच्या त्या दुपारी तळच २९ अंशांच्या वर सरकलेला असतो. कूलर फार तर ३०-३१ अंशांची हवा देतो, आणि ती ९० टक्क्यांहून अधिक दमट असते. संध्याकाळी बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तर तो दोन-अडीच अंशांपेक्षा जास्त उतरवू शकत नाही. बदल्यात दर तासाला काही लिटर पाणी तुमच्या खोलीत ओतत राहतो. त्यातून दार लोटलेलं असेल तर ते पाणी बाहेर जायला वाटच नसते. अंथरूण, पुस्तकं, कपडे, भिंती सगळे ते पितात.

ही फक्त आपली कथा नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातला उन्हाळाही वऱ्हाडासारखाच कोरडा आणि जळजळीत. तिथेही वातानुकूलन यंत्रं घरोघरी येण्याआधी लोकांचा आधार कूलरच होता. आणि तिथेही जुलै-ऑगस्टमध्ये मान्सूनसारखे दमट वारे आले की कूलर निकामी ठरतो. हवामानच दोन तऱ्हांचं असेल तर एकच यंत्र दोन्हीकडे पुरं पडत नाही.

तरी कूलरमुळे होणारा मोठा तोटा ओलाव्याचा नाही, खिडकीचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक खोल्यांना धड मोठी अशी एकच खिडकी असते, आणि कूलर बसतो तो त्याच खिडकीत. एप्रिलमध्ये लोखंडी स्टँडवर त्याला चढवतात, भोवतालच्या फटी थर्माकोल, पुठ्ठा, गोणपाट कोंबून बंद करतात. मेसाठी हे योग्यच. पण जून येतो, पाऊस येतो, पोळा होतो, दसरा होतो, आणि कूलर तिथेच. उतरवायला दोन माणसं लागतात, ठेवायला जागा नाही, म्हणून कित्येक घरांत तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हलतच नाही. म्हणजे वर्षातल्या ज्या महिन्यांत खिडकीची खरी गरज, त्याच महिन्यांत त्या खोलीला खिडकी नसते. हवा कोंदते, उजेड कमी होतो, खोली लहान वाटते, आणि आपण म्हणतो की घरात दम घुटतो.

खिडकी किती मोठी हवी याचे आकडे भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत दिलेले आहेत. कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश, आणि दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश. आपल्या बारा बाय दहाच्या खोलीला, म्हणजे १२० चौरस फुटांना, पहिल्या हिशेबाने १२ चौरस फूट आणि दुसऱ्या हिशेबाने २० चौरस फूट उघडी जागा लागते. वऱ्हाडाला वर्षातून दोन्ही हवामानं भोगायची असल्यामुळे खिडकी २० चौरस फुटांची आणि ती घट्ट बंद करता येण्याजोगी, असं दोन्ही हवं. प्रत्यक्षात काय असतं? चार बाय चारची एक सरकती खिडकी. तिचं क्षेत्रफळ १६ चौरस फूट, पण सरकत्या काचांमुळे एका वेळी जास्तीत जास्त निम्मीच उघडते, म्हणजे आठ चौरस फूट. त्यावर डासांची जाळी, ती धुळीने भरलेली, की उरलेला वाराही अडला. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या दिसायला नीटनेटक्या असतात हे खरं, पण आपल्या हवामानासाठी जुन्या दोन पल्ल्यांची, दारासारखी उघडणारी लाकडी खिडकीच श्रेष्ठ होती, असं माझं स्पष्ट मत आहे. ती बंद केली की ऊन थांबतं, उघडली की पूर्ण उघडते.

जुन्या वऱ्हाडी घराकडे थोडं थांबून पाहायला हवं. धाब्याचं घर म्हणजे हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि वर मातीचा जाड थर. अशा भिंतीतून बाहेरची दुपार आत पोचायला दहा-बारा तास लागतात, तोवर रात्र झालेली असते. माजघर अंधारं आणि खिडक्या लहान. नुसतं एवढंच पाहून आपण म्हणतो की जुनी घरं कोंदट होती. पण मेच्या दुपारी जिथे बसायचं ते माजघर, आणि दमट संध्याकाळी जिथे बसायचं ती ओसरी, हे दोन्ही त्याच घराचे भाग होते. पुढे ओसरी, मधे चौक किंवा अंगण, मागे परसदार, रात्री निजायला धाबं. दिवस आणि ऋतू पाहून माणसं घरातल्या घरात जागा बदलत. चौकातली तापलेली हवा वर निघून जाई आणि तिच्या जागी ओसरीवरून दुसरी हवा येई. दाराच्या वर, छताजवळ रोशनदान असे. तिथून धूरही जाई आणि गरम हवाही.

आपण माती सोडून सिमेंटकडे वळलो याचं मला वाईट वाटत नाही. दर पावसाळ्यापूर्वी धाब्यावर माती टाकण्याचे कष्ट ज्यांनी केले, त्यांना पक्कं छत हवं वाटलं यात गैर काय? चुकलं ते दुसरीकडे. भाऊ वाढले, खोल्या कमी पडल्या, म्हणून ओसरीला भिंत घालून बैठकीची खोली काढली. चौकावर स्लॅब आला. लिंटेलच्या वरची रोशनदानं धूळ येते म्हणून बुजली, आणि नव्या नकाशात ती आलीच नाहीत. कोरड्या उन्हाळ्याचं माजघर गेलं आणि दमट उन्हाळ्याची ओसरीही गेली. उरली ती मधलीच एक खोली, दुपारी तापणारी आणि रात्री कोंदणारी.

बाळापुरात फिरताना ही दोन्ही उत्तरं दगडविटांत उभी असलेली मला दिसतात. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने बांधायला घेतला आणि १७५७ मध्ये अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने तो पुरा केला. त्याच्या भाजक्या विटांच्या भिंती उंच आणि भक्कम आहेत. त्या शत्रूला अडवण्यासाठी होत्या, पण ऊन अडवण्याचं कामही जाड भिंतच करते. त्याच गावात नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांनी सतराव्या शतकात बांधवलेली छत्री आहे. सुमारे २५ फूट चौरस, ३३ फूट उंच, वर घुमट, आणि चारही बाजू मोकळ्या. गदमदणाऱ्या दिवसांत छत्रीच्या खांबांमधे उभं राहिलं की कळतं, डोक्यावर सावली आणि आरपार वारा यापलीकडे दमट हवेत माणसाला फारसं काही लागत नाही. कोकणातलं घर नेमकं या तत्त्वावर उभं असतं: उतरतं छप्पर, रुंद पडवी, भोवती मोकळी जागा. कोकणाला बाराही महिने एकाच तऱ्हेचं घर चालतं. वऱ्हाडाला किल्लाही हवा आणि छत्रीही हवी.

आता आहे त्या घरात काय करता येईल ते पाहू. वाऱ्याला आत यायला जेवढी वाट लागते, तेवढीच, किंबहुना थोडी मोठी, बाहेर जायला लागते. एकाच भिंतीत शेजारी शेजारी दोन खिडक्या असून काही साधत नाही. या दिवसांत आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो. त्या बाजूची खिडकी आणि तिच्या समोरच्या किंवा तिरप्या बाजूचं दार-खिडकी एकाच वेळी उघडी हवी. मधल्या खोल्यांची दारं पाचर लावून उघडी ठेवायची, आणि वाटेत कपाट, पलंगाची पाठ, जाड पडदा येऊ द्यायचा नाही. घरात एक उदबत्ती लावून खोल्याखोल्यांतून फिरा. धूर कुठे ओढला जातो, कुठे नुसता घुटमळतो हे पाहिलं की वारा कुठे अडतोय ते पाच मिनिटांत कळतं. ज्या घराला एकाच बाजूने खिडक्या आहेत, त्याने मागच्या भिंतीत उंचावर एक्झॉस्ट पंखा बसवावा. तो चालू असताना समोरची खिडकी उघडी पाहिजे. ती बंद असेल तर पंखा नुसता आवाज करतो.

छताच्या पंख्याबद्दल एक गैरसमज आहे. पंखा खोली थंड करत नाही, माणसाला गार वाटायला लावतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा उलट थोडी उष्णताच घालतो. आणि वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, तो छताजवळची गरम हवा खाली ढकलतो. तिथे खिडकीच्या उंचीवर ठेवलेला उभा पंखा जास्त चांगला. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की हाच पंखा खिडकीजवळ आतल्या बाजूला तोंड करून ठेवावा. कूलर लगेच उतरवणं शक्य नसेल तर निदान पंप बंद करून, ताट्या काढून त्याचा नुसता पंखा चालवा. बाहेरची हवा आणणारं ते एक चांगलं साधन होतं.

वरच्या छताचा विषय इथे टाळता येत नाही. बाळापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेच्या २३ तारखेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. दोनच दिवसांनी नवतपा लागतो. तिथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य जवळपास डोक्यावरच, किंचित उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे या काळात भिंतींपेक्षा छत कितीतरी जास्त तापतं. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ते खाली सोडतो. मेच्या कोरड्या, निरभ्र रात्री त्याची बरीच उष्णता वर आकाशाकडे निघून जाते. जूनमध्ये ढग आणि बाष्प ती वाट अडवतात, म्हणून रात्री दोनलासुद्धा स्लॅबला हात लावला तर तो कोमट लागतो. यावर सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या छताचा. नुसता राखाडी सिमेंटचा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग शोषतो, तर स्वच्छ पांढरा पृष्ठभाग त्यातला बराच परत पाठवतो. मार्चमध्ये गच्ची झाडून, धुऊन चुन्याचे दोन हात द्यावेत, चुना टिकावा म्हणून त्यात चिकटणारा द्रव मिसळावा. पावसात तो जातो, दरवर्षी द्यावा लागतो, पण खर्च कमी आहे. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धची कृती योजना आखली, आणि पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये छतं पांढरी करण्याचं काम झालं ते याच कारणाने. पत्र्याच्या घरांना तर याची सर्वाधिक गरज आहे. पत्र्याखाली बांबूचा ताटवा किंवा तुराट्यांचा थर हातभर अंतर सोडून बांधला आणि दोन्ही टोकांना हवा जायला फट ठेवली, तर फरक तळहाताला जाणवतो. मेमध्ये संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात ते ठीक, जूनमध्ये मात्र त्याने ओल वाढण्यापलीकडे फारसं काही होत नाही.

घरातला ओलावा बाहेरूनच येतो असं नाही. तो आपण रोज घरात तयार करतो, आणि किती करतो याची कल्पना नसते. स्वयंपाकाचा गॅस जळला की त्याचं पाणी होतं. एक किलो गॅसमागे दीड किलोहून जास्त. १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघरात २० लिटरहून अधिक पाण्याची वाफ सुटते. भाजी-डाळीतून उठणारी वाफ वेगळी. बादलीभर पिळलेले कपडे घरात दोरीवर वाळले की दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. चार माणसं एका खोलीत रात्रभर निजली तर त्यांच्या श्वासातून आणि घामातूनही लिटरभराच्या वर. म्हणून दमट दिवसांत कपडे ओसरीत, गच्चीवर, निदान खिडकीलगत वाळवावेत. निजायच्या खोलीत तर नाहीच. डाळ-भात झाकण ठेवून शिजवावा, फोडणी देताना आणि कुकरची शिट्टी होताना एक्झॉस्ट चालू असावा. न्हाणीघराचं दार आत उघडं टाकून बाहेर येऊ नये, त्याची बाहेरची झडप उघडावी. फरशी पुसायची तर सकाळी, वारा असताना, घट्ट पिळलेल्या फडक्याने. दुपारी गारवा वाटावा म्हणून पाणी शिंपडण्याची मेमधली सवय इथे अंगाशी येते. शहाबादी फरशी थंड असते, दमट हवा तिला लागली की तिला आपोआप घाम सुटतो. त्यात आणखी पाणी कशाला?

बाळापूर तालुक्याच्या काही भागाला आणखी एक दुखणं आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जातो आणि बाळापूर तालुक्यातली गावंही त्यात येतात. तिथे विहिरी-बोअरच्या खाऱ्या पाण्याने बांधकाम झालेलं असेल, किंवा जमिनीतली खारी ओल भिंतीत चढत असेल, तर भिंतीला लोणा लागतो. पांढरी बुकटी सुटते, गिलावा फुगून गळतो. हे मीठ नुसतं भिंत खात नाही. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून घेऊन विरघळू लागतं. म्हणून छत न गळताही जूनमध्ये अशा भिंती ओल्या दिसतात, आणि खोलीभर कुबट वास येतो. त्यावर पुट्टी आणि ऑइलपेंट चढवला की वर्षभर झाकलं जातं, मग पापुद्रे निघतात. त्यापेक्षा सुटलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून काढा, मीठ कोरड्या ब्रशने झाडून घ्या, धुऊ नका, कारण धुतल्याने ते परत आत जातं. मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग द्या. चुन्यातून भिंतीला ओलावा बाहेर टाकता येतो. कपाट, पलंग अशा भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या ताट्याही मिठाने कडक होतात, त्यातून वारा जात नाही. त्या हंगामाअखेर फेकून द्यायच्या असतात.

झोपेचा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा. बाज आठवते ना? लाकडी चौकट, सुताची किंवा काथ्याची वीण, त्यावर एक पातळ गोधडी. पाठीखालून वारा खेळतो, घाम वाळतो, आणि सकाळी ती उभी करून ठेवली की खोली मोकळी. दमट उकाड्यात निजण्यासाठी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. तिच्या जागी आपण प्लायवूडचा बॉक्सपलंग आणला, खाली रजया, भांडी, जुने कपडे ठासून भरले, वर फोमची गादी आणि तिच्यावर प्लास्टिकचं आवरण. शरीराची निम्मी बाजू रात्रभर बंद. फोम ठेवायचाच असेल तर निदान प्लास्टिक काढा आणि वर सुती चादरीखाली चटई किंवा सतरंजी घाला. कापूस पिकवणाऱ्या या मुलखात कापसाची गादी अजून मिळते. ती ओल पिते हे खरं, म्हणून पाऊस लागायच्या आत तिला दोन-तीन कडक उन्हं दाखवायची आणि पुढे उघडीप मिळेल तेव्हा पुन्हा.

हलकं वाटण्यात डोळ्यांचाही वाटा असतो. मेमध्ये ऊन अडवायला लावलेले जाड, गडद पडदे जूनमध्ये धुऊन ठेवून द्यावेत, त्यांच्या जागी पातळ सुती, तेही अर्ध्या खिडकीला. मखमली आवरणं, गालिचे, सोफ्यावरच्या जादा उशा चार महिने ट्रंकेत गेल्या तर बिघडत नाही. माळ्यावर ठासलेलं सामान कमी करा, स्लॅबखालची ती जागा हवेसाठी आहे. खिडकीच्या चौकटीवर ठेवलेले डबे, औषधं, शोभेच्या कुंड्या हलवा. जमीन जितकी रिकामी दिसेल तितकी खोली मोठी वाटते, आणि वाराही जमिनीलगत खेळतो.

एक धोका मात्र विसरू नका. पंप बंद करून तसाच सोडलेला कूलर म्हणजे डेंग्यूच्या डासाचं घर. हा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. टाकी रिकामी करून, घासून, उन्हात कोरडी केल्याशिवाय कूलर ठेवू नये. माठाखालचं ताट, कुंडीखालची बशी, गच्चीवरचं जुनं टायर यांनाही आठवड्यातून एक कोरडा दिवस मिळालाच पाहिजे. डासांना भिऊन संध्याकाळी सगळं घर बंद करण्यापेक्षा खिडक्यांना जाळी लावा, ती दर पंधरवड्याला धुवा, आणि लहान मुलांना मच्छरदाणीत निजवा. ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे त्यांनी दमट दिवसांत ते १८ अंशांवर नेण्याऐवजी २६ च्या आसपास ठेवून सोबत पंखा चालवावा. ओलावा निघाला की तेवढं पुरतं.

मृग लागायच्या आत कूलर खिडकीतून उतरवा, एकट्याने जमत नसेल तर शेजाऱ्याला हाक मारा आणि त्याचाही उतरवून द्या. आणि ज्यांचं घर किंवा घरकुल बांधायला निघालं आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान २५ चौरस मीटर जागा असते, त्यात ओसरी आणि चौक दोन्ही बसणार नाहीत. पण समोरासमोर दोन पल्ल्यांच्या खिडक्या आणि लिंटेलच्या वर एक रोशनदान नक्की बसतं. जोतं झालं की, भिंत खिडकीच्या उंचीला यायच्या आधी, हे गवंड्याला सांगून ठेवा. भिंत उभी झाल्यावर तीच खिडकी काढायला तिप्पट कष्ट पडतात आणि बहुतेक घरांत ती मग कधीच निघत नाही.